इंजिनाची डावी पायरी

मंगळवार, संध्याकाळ

बाबा चालवायचे त्या छोट्या रेल्वेगाडीच्या इंजिनाचं मी करत असलेलं मॉडेल आज पुरं झालं. पितळी पत्र्याचं, वीतभर. त्यांच्या इंजिनात कोळसा टाकणारे फायरमन रशीदचाचा कुर्डुवाडीहून मुद्दाम बघायला आले. सगळीकडून बोट फिरवलं आणि डाव्या पायरीवर थांबले.

"ही पायरी त्या दिवशी न्हवती. आदल्या फेरीतच तुटली व्हती. तुझ्या बापानं सवयीनं पाय टाकला की."

बाबा पाय घसरून गेले, घरात एवढंच सांगत. चाचा इतकी वर्षं गप्प का? मी तरी कधी विचारलं?

इंजिनाच्या जुन्या फोटोत पायरी होती म्हणून मी केली. चाचा गेल्यावर ती काढायला सोल्डरिंग गन तापवली. हात धजेना. उलट आणखी एक डाख देऊन ती पक्की केली. बोटानं दाबून पाहिली, पुन्हा पाहिली.

आता बाबांचा भार पेलेल.