ओढ्याकडचा जव

३ जुलै

कित्येक महिन्यांनी ही वही उघडली. चुकलंच माझं. पण दिवसभर जे भांडायचं तेच संध्याकाळी पुन्हा कागदावर कशाला, असं वाटायचं.

आज राहवत नाही. कापणी-मळणीच्या कंबाइनचं हेडर – पुढचं पीक घेणारं तोंड – मोडीत काढायचं ठरलं. वेल्डर म्हणाला, "आणखी ठिगळं लावली तर ठिगळंच उरतील." मी आणि दादा दोघंही हसलो. एकत्र हसायची ही यंदाची पहिली खेप, बहुधा शेवटचीही.

कारण नवं कुठलं घ्यायचं? दादाला ओरबाडणारं हवंय. ते कापत नाही, फिरत्या बोटांनी नुसत्या ओंब्या खेचून घेतं आणि काड शेतात उभंच ठेवतं. काम झपाट्याने, डिझेल कमी. मला कापणारं हवं, रबरी पट्ट्याचं. काड कापलं की मशीनमागे ओळीत पडतं, त्याचे गठ्ठे बांधता येतात. या थंड मुलखात जवाची कापणी जुलैत, मग लांबलचक हिवाळा; ते गठ्ठे म्हणजे त्यातलं माझ्या गायींचं अंथरूण. शेत दादा बघतो, गोठा मी. बाबांनी कधी वाटणी केली नाही. ती अशी आपोआप झाली.

५ जुलै

स्वयंपाकघरात जुंपली.

"काड हवं तर मागून गवतकापणी यंत्र फिरव. अडवलंय कुणी?"

"आणि डिझेल? पाऊस थांबणार आहे माझ्यासाठी?"

"तुझ्या गायी, तुझं डिझेल."

"शेणखत मात्र तुझं! ते बरं चालतं!"

वहिनींनी पातेलं आपटलं. "तुम्ही दोघं त्या हेडरपुढेच जाऊन उभे राहा. सुटू तरी आम्ही."

मला खरंच गायींची काळजी आहे, की फक्त तो जिंकायला नको आहे? प्रामाणिकपणे सांगायचं तर अर्धं-अर्धं. आज दुसरं अर्धं जरा मोठं.

९ जुलै

हेडर विकणारा एजंट दोन्ही हेडरं आणतोय. आमच्याच कंबाइनला जोडून चालवून बघायची. "शेत तुम्ही निवडा," म्हणाला.

दादा बूट काढता काढता म्हणाला, "बाईसाहेबांना निवडू दे. कॉलेजात शिकल्यात त्या."

बरं!

१२ जुलै

चाचणी झाली. मी रस्त्याकडचा जव निवडला. "तिथे जमीन कोरडी आहे," म्हणाले. खोटं नाही. पण तिथलं पीक विरळ आहे, ठेंगणं आहे. ओरबाडणाऱ्या हेडरला दाटी लागते. विरळ पिकात ते दाणे उधळतं. मला हे माहीत होतं. कॉलेजात शिकले ना!

उधळलेच. एजंटने गुडघे टेकून जमीन चाचपली आणि तोंड वाकडं केलं. पट्ट्याच्या हेडरने तिथेच साफ काम केलं.

दादा केबिनमधून उतरला. मूठभर माती उचलली, फुंकली, तळहातावर राहिलेले दाणे बघितले. मग माझ्याकडे बघितलं. ओढ्याकडचा जवही तयार होता – दाट, वाऱ्याने लोळलेला, ओरबाडणाऱ्याला हवा तसा. "तिकडे चला," असं तो म्हणणार म्हणून मी उत्तर घोकून ठेवलं होतं. तो हात झटकून घराकडे चालू लागला.

१३ जुलै

जिंकले. पट्ट्याचं हेडर. दादाने सही केली आणि पेन माझ्याकडे भिरकावलं.

"विरळ पीक दाखवलंस. ते हेडर हरलं नाही, तू हरवलंस."

"मग काल तोंड शिवलं होतं का तुझं?"

"बघत होतो, तू कधी बोलतेस."

दुष्ट आहे. आणि बरोबर आहे – तेच डोक्यात जातं!

१४ जुलै

बोलणं बंद. मीठसुद्धा वहिनींमार्फत मागतो.

१७ जुलै

वहिनी गोठ्यात आल्या. एरवी वासानेच लांब पळतात. दुधाच्या कॅनवर कंबाइनच्या किल्ल्या ठेवल्या.

"हे यंदा कंबाइनवर बसणार नाहीत, वन्सं. कुठेतरी नोकरी धरलीय. म्हणाले, हेडर तिचं, तर हंगामही तिचाच."

"कापणी तोंडावर आलीय, वहिनी!"

"मला काय सांगता? मी आपली निरोप आणणारी."

मला कंबाइन चालवता येत नाही. इतकी वर्षं तो पुढे कंबाइनवर, मी मागे ट्रॅक्टरवर. कुठलं पीक विरळ ते मला कळतं. हेडर कुठल्या दांडीने उचलतात ते नाही. भाड्याचे ड्रायव्हर विचारले. सगळे ठरलेले. एक तर चक्क हसला – "घरचा ड्रायव्हर रुसला का?"

जाऊ दे खड्ड्यात! त्याच्या पाया पडणार नाही.

पण ओढ्याकडे चाचणी घेतली असती तर? काय झालं असतं ते मला ठाऊक आहे. म्हणून तर घेतली नाही.

१८ जुलै

एजंटचा फोन. हेडर उद्या सकाळी येतंय. मी लाज गिळून सांगितलं, चालवायला माणूस नाही, मला येत नाही.

"त्यात काय, ताई! आमचा नवा माणूस येतोय ना. हेडर जोडून देईल, शेजारी बसून शिकवेल. तो आपणहून म्हणाला, हे गिऱ्हाईक मला द्या. फक्त त्याची एक अट आहे. शिकायचं ते ओढ्याकडच्या शेतात."

माणूस कोण, ते मी विचारलं नाही.

उद्या: ओढ्याकडचं फाटक उघडून ठेवणे.