चालणार, बसणार आणि पाषाणचं तळं

८ जानेवारी २०१२, रविवार
ज्येष्ठ नागरिक संघाची सहल ठरली. बावीस तारखेला पाषाण तलाव. सेक्रेटरी श्रीनिवास बापट स्वतः फॉर्म देऊन गेले. त्यात दोन रकाने : 'चालणार' आणि 'बसणार'. चालणाऱ्यांनी काठाकाठाने पार टोकापर्यंत जाऊन परत यायचं, बसणाऱ्यांनी झाडाखाली सतरंजीवर. माझ्यापुढे 'चालणार' लिहिलं, मंदाकिनीपुढे 'बसणार'. तिचे गुडघे. तिला विचारलं नाही. त्रेचाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याला एवढं कळतं.
माझी कंबर अकरा वर्षं अधूनमधून दुखते. अधूनमधून म्हणजे रोज. पण आपण त्याला आजार म्हणत नाही.

११ जानेवारी, बुधवार
संकल्प : रोज पहाटे साडेपाचला उठून चार किलोमीटर. आज पावणेआठला उठलो. थंडी. कोपऱ्यावरच्या डेअरीपर्यंत गेलो. तिथे डाव्या पायात कळ आली, म्हणून पायरीवर टेकलो. अर्ध्या तासाने मालकाने भिंतीवरची पाटी दाखवली : 'पायरी चढण्यासाठी आहे.' मी म्हटलं, चढतोच आहे, जरा सावकाश.

१५ जानेवारी, रविवार
बुधवार पेठेतून दुर्बीण आणली. पक्षी बघणारा माणूस पावलोपावली थांबतो आणि त्याला कोणी दमला म्हणत नाही. येताना रिक्षा केली, कारण दुर्बीण जड.
डॉक्टर म्हणाले, चाला, पण बेताने. पट्टा बांधा. दुखायच्या आधी बसा. चांगला मुलगा आहे, पण अनुभव कमी.

१८ जानेवारी, बुधवार. दुपार
सराव रद्द. कमरेखाली शेकायची पिशवी घेऊन समोरच्या गच्चीचं निरीक्षण. तीन पारवे, एक लुगडं. सहल जमेल ना, असं मंदाकिनीने दोनदा विचारलं. घाबरली आहे बिचारी. तिला धीर दिला.

२१ जानेवारी, शनिवार
तयारी : पट्टा (स्वेटरच्या आत), मलम, घडीची खुर्ची. खुर्ची मंदाकिनीसाठी, असं बापटांना फोन करून कळवलं. ते म्हणाले, वहिनींना जपा. गेल्या सहलीत एका सभासदाला वाटेतून उचलून आणावं लागलं. बापट त्यांना अजून 'पेशंट' म्हणून हाक मारतात, तेही माइकवरून. मला पेशंट व्हायचं नाही. उद्या टोक गाठायचंच.

२२ जानेवारी, रविवार. सकाळी ६
उत्साह दांडगा. माझ्या पायांत मोजे मंदाकिनीने चढवले. त्याने वेळ वाचतो.

२२ जानेवारी. दुपारी ४
सगळ्यांच्या पुढे निघालो. मंदाकिनी सतरंजीवर बसेना. खुर्ची काखोटीला मारून मागे आली. तिसऱ्या मिनिटाला पक्षी बघायला थांबलो. मग चौथ्या. दहाव्या मिनिटाला दुर्बिणीचं झाकण पडलं, ते उचलायला वाकलो आणि वाकलेलाच राहिलो. बापट लगेच धावले. मंदाकिनीने खुर्ची उघडून मला तीत बसवलं आणि त्यांना म्हणाली, "यांना पक्षी सापडलाय. आता हे हलायचे नाहीत. चला, मी येते." आणि गेली. टोकापर्यंत.
मी काठावर. शेजारी दत्तोबा म्हणून पाषाणचेच एक म्हातारे म्हशी चरायला सोडून बसले होते. त्यांनी दुर्बीण उलटसुलट करून परत दिली, म्हणाले, एवढ्या जवळचं बघायला ही कशाला. पाण्यात बुडणाऱ्या आणि भलतीकडेच वर येणाऱ्या टिबुकल्या, बदकाहून लहान पाणपक्षी, दाखवल्या. त्यांची कंबर वीस वर्षं धरलेली. मी उपाय विचारला. "काय न्हाय. हितं येऊन बसायचं. कंबर बी बसती गप."
पाठीवर ऊन, पुढ्यात पाणी. टिबुकली कुठून वर येईल यावर दोघांनी पैजा लावल्या. मी सगळ्या हरलो. तासभर कंबर दुखतच होती, पण मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. खरं सांगायचं तर फार बरं वाटलं. टोकाची आठवणसुद्धा झाली नाही.
मंदाकिनी परतली ती लालबुंद आणि खूश. मी म्हटलं, आणि गुडघे? ती म्हणाली, "अहो, माझे गुडघे कधी दुखलेच नाहीत. मी बसल्याशिवाय तुम्ही बसत नाही, म्हणून दुखतात म्हणायचे."
तुळशीबागेत, लग्नाच्या मांडवांत, पर्वतीच्या निम्म्या पायऱ्यांवर. अकरा वर्षं.

५ फेब्रुवारी, रविवार
संघाची मंडळी पुन्हा तळ्यावर जाणार. फॉर्म आला. मंदाकिनीपुढे 'चालणार' लिहिलं. माझ्यापुढे 'बसणार', कारण : पक्षिनिरीक्षण. मंदाकिनीने ते खोडून 'कंबर' लिहिलं आणि फॉर्म माझ्यापुढे सरकवला.
सही केली.