विहीर उकरल्याशिवाय पाया घालू नये

मी, वच्छलाबाई सोनाजी शेजुळ, वय एकाहत्तर, राहणार सातारा परिसर, छत्रपती संभाजीनगर. डोके शाबूत आहे. हे कोणाच्या सांगण्यावरून लिहीत नाही. यापूर्वी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहते घर मुलगा खंडेराव व मुलगी रत्नमाला यांना निम्मे-निम्मे. बँकेतली ठेव सून प्रांजलीला. माझी दुखणी तिने काढली; खंडेरावाने चौकशी केली.

२. जमीन दाबायचा रोलर रत्नमालाला. ती तो चालवते. माझे मालक टाच रोवून जमीन पाहत. त्यातून वरची वीतभर कळे. या रोलरच्या ड्रमला सेन्सर आहे. ड्रम थरथरतो, आणि खालची जमीन जसा धक्का परत देते तसा स्क्रीनवर रंग उमटतो. घट्ट तिथे हिरवा, भुसभुशीत तिथे लाल. इतके नीट ऐकणारे यंत्र मी दुसरे पाहिले नाही. ते विकू नये.

३. विहिरीचा प्लॉट. इथे खंडेरावाला घर बांधायचे आहे. २०१६ च्या दुष्काळात आटलेली विहीर दीर बिभीषण यांनी मुरमाने बुजवली. मागच्या वर्षी रत्नमालाने तिथे रोलर फिरवला. सगळीकडे हिरवे, विहिरीपुरते लाल. आडवा फिरवला, तरी लाल.

"यंत्राला ऊन लागलं वहिनी," दीर म्हणाले. "थराथराला पाणी मारलंय म्या."

खंडेराव बहिणीवर उखडला. "रत्नीचा टीव्ही खरा, अन् काका खोटा व्हय?"

कोरडा मुरूम वरून कडक दिसतो. पुढे पाणी मुरले की खचतो, वरच्या घरासकट. त्या घरात माझी नात सई झोपणार आहे.

म्हणून प्लॉट रत्नमालाच्या नावे. खंडेरावाने रोलर उतरेल इतकी रुंद जागा तळापर्यंत उकरावी, थराथराला पाणी मारून भरावी. दाबायचे काम रत्नमालाचे. स्क्रीन हिरवी झाली की तिने प्लॉट भावाला द्यावा.

४. बिभीषण यांना काही दिलेले नाही. ज्याला मिळते त्याने साक्ष घालू नये, असे वकील म्हणाले. आणि मला त्यांचीच साक्ष हवी होती. तिसरे कलम त्यांना मोठ्याने वाचून दाखवले. मग ते म्हणाले,

"टँकर एकच यायचा वहिनी. पाणी मेंढरांना पाजलं. मुरूम कोरडाच लोटला. लिवा तसं."

लिहिले. मेंढरे जगली याबद्दल माझी तक्रार नाही.

छत्रपती संभाजीनगर, १२ मे २०२४
लिहून ठेवणार: वच्छलाबाई सोनाजी शेजुळ

वच्छलाबाईंनी आमच्यासमोर सही केली. साक्षीदार:
कचरू सर्जेराव गाडेकर, शेजारी
बिभीषण कडुबा शेजुळ, दीर. खंडू, रत्नी खरं सांगती. आधी विहीर उकर.