गोडाउनच्या प्रिंटरचा नंबर

अण्णा,

गोडाउनच्या प्रिंटरला तो नंबर मीच दिला होता. नऊ दिवस तुम्ही जो बिघाड शोधत होता, तो मला तिसऱ्या दिवशीच कळला होता. तुम्हाला जाऊन आठ वर्षं झाली, आता हे लिहून तुमचं काही व्हायचं नाही आणि माझंही. पण परवाच्या रविवारी जयनगरला तुमच्या घरी गेलो होतो आणि आल्यापासून एका जागी बसवत नाही. तसा मी कधीच बसत नव्हतो म्हणा. याच्या बुडाखाली निखारा आहे, असं तुम्हीच सगळ्यांना सांगायचात.

उदगीरहून इकडे कन्नड मुलखात आलो तेव्हा मी बावीसचा, दहावी नापास, केबल ओढायच्या कामावर. येलहंक्याच्या त्या स्पेअर पार्टच्या कंपनीत तुमचं कॉम्प्युटरचं जुनं मशीन काचेच्या खोलीत असायचं, कपाटाएवढं, काळं. सगळ्या ऑर्डरी, सगळ्या मालाचा हिशेब त्याच्या पोटात, ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर त्यालाच जोडलेले. चप्पल बाहेर काढल्याशिवाय तुम्ही आत येऊ द्यायचा नाहीत. तुमची मराठी ऐकून मला हसू यायचं, जरा थांबला ‘स्वल्प थांब’, बरंला ‘सरी’, ‘सरी, आता ओढ’. पण एवढ्या लांब कुणीतरी मराठी बोलतंय याचंच बरं वाटायचं. पहिल्याच महिन्यात मला घरी जेवायला नेलंत. तुमच्या मंडळींनी, अक्कांनी, स्वयंपाकघरात ओट्याजवळ पाट मांडला, गरम भातावर सारू वाढलं, वर तूप. निघताना तुम्ही केबलच्या टोकाला क्लिप दाबायची तुमची स्वतःची पक्कड माझ्या हातात दिलीत. ती मी अजून वापरतो.

शिकवलंतही तुम्हीच. लाइन पडली की आतून बाहेर जायचं. आधी मशीनला स्वतःलाच हाक मारायला लावायची, मग सगळ्या केबली जिथं येतात त्या स्विचच्या डब्याला, मग टेबलावरच्या कॉम्प्युटरला, आणि उत्तर येणार नाही तिथं हात घालायचा. नंबर मात्र कधी सांगितले नाहीत. लाइनवरच्या प्रत्येक वस्तूला आपला नंबर, एकाचा दुसऱ्याला द्यायचा नाही, हे नंबर एका लांब वहीत, वही तुमच्या ड्रॉवरमध्ये आणि ड्रॉवरची किल्ली जानव्याला. काहीही नवीन लावायचं तर तुमच्यासमोर येऊन उभं राहायचं आणि नंबर मागायचा. ऑफिसात तशी पद्धतच पडली होती.

त्या शुक्रवारी मी एक क्लिप उलटी दाबली आणि डिस्पॅचमधले कॉम्प्युटरचे पडदे अर्धा तास बंद पडले. तुम्ही मला टेबलाखाली बसवून ती पुन्हा दाबायला लावलीत. मी खाली, बायकांच्या चपला तोंडापाशी, आणि वरून तुम्ही आधी कन्नडमध्ये काहीतरी बोललात. सगळे हसले. मग मला कळावं म्हणून मराठीत, “नापास माणसानं वायर धरावी. डोकं लावू नये.”

दुसऱ्या दिवशी गोडाउनमध्ये लेबलांचा नवा प्रिंटर लावायचा होता. तुमच्यासमोर उभं राहायची माझी इच्छा नव्हती. मी लॅपटॉपवरून एकेका नंबराला हाक मारत गेलो. एकानं उत्तर दिलं नाही, तो रिकामा समजून प्रिंटरला दिला, एक लेबल काढून बघितलं, प्रिंटर बंद करून घरी गेलो. शनिवारी दुपारी तुम्ही मशीन बॅकअपला लावता आणि संध्याकाळपर्यंत त्याच्या सगळ्या लाइनी बंद असतात, हे मला माहीत होतं. तेव्हा डोक्यातच आलं नाही. तो गप्प बसलेला नंबर तुमच्या मशीनचाच होता.

सोमवारी गोडाउनवाल्यांनी प्रिंटर चालू केला, एका नंबराला दोघं उत्तर द्यायला लागले आणि ऑफिसात या टेबलावर चालतंय, त्या टेबलावर गोठलंय, असं सुरू झालं. तुम्ही आतून बाहेर निघालात. मशीन स्वतःला उत्तर देणारच, ते देत होतं. तुम्ही क्लिपा बदलल्या, स्विच बदलला, अठ्ठावन्नाव्या वर्षी मशीनमागे आडवे होऊन केबल बदललीत. वही काढून बघितलीत, तो नंबर वहीत एकदाच होता. वही तुमची, कुलूप तुमचं, म्हणजे दुसऱ्या कुणी नंबर दिलाय हे तुमच्या मनातसुद्धा येणार नव्हतं. बुधवारी गोडाउन बंद होतं आणि दिवसभर एकही लाइन पडली नाही. त्या दुपारी तुम्ही हिरव्या पडद्यावर नंबर टाइप करताय, मी मागे उभा आहे, आणि मी तो नंबर ओळखतो. मी विचारलं, अण्णा, कॉफी आणू का?

पुढच्या सोमवारी तुम्ही मला जिन्यात गाठलंत. दाढी वाढली होती.

“तू कुठं काही लावलंस काय रे? असलं तर सांग. परवागिल्ला, काही हरकत नाही, मी रागवायचा नाही.”

“वही तर तुमच्याकडे आहे की अण्णा,” मी म्हणालो. “मी फक्त वायर धरतो.”

तुम्ही मान हलवलीत. मला फार बरं वाटलं.

मंगळवारी साहेबांनी सगळ्यांसमोर खोलीची आणि ड्रॉवरची किल्ली तुमच्याकडून काढून घेतली आणि मला म्हणाले, देख, तुझसे होता है क्या. जानव्याची गाठ तुम्हाला लवकर सुटेना. मी वही उघडली, खरोखर रिकामा नंबर शोधला, प्रिंटरला दिला. चार मिनिटांचं काम. मग काम अवघड वाटावं म्हणून तासभर मशीनमागे बसून राहिलो. तुम्ही काचेबाहेर उभे होता, आत यायची परवानगी नव्हती. काय होतं, विचारलंत. मी म्हणालो, मशीनमागची केबल सैल होती, तुमच्या हातची. तुम्ही स्वतःच्या बोटांकडे बघितलंत आणि ‘सरी’ म्हणालात.

चार महिन्यांनी तुम्ही गेलात. त्यानं गेलात असं मी म्हणत नाही. साखर होती तुम्हाला.

परवा अक्कांनी ताट वाढलं आणि समोर बसून विचारलं, “यांच्या हातून खरंच केबल सैल राहिली होती काय रे?” सांगायला हीच वेळ होती. मी म्हणालो, “हो अक्का. वय झालं होतं.” त्या म्हणाल्या, मलाही तसंच वाटलं होतं. म्हणून शेवटचे चार महिने तुम्ही गॅस बंद केलात की त्या उठून परत बघायच्या. नळही, दाराची कडीही. तुम्ही बाजूला उभे राहून बघायचात म्हणे.

हे पत्र अक्कांना देता येईल, त्या मराठी वाचतात. देणार नाही. त्यांनी येत्या रविवारी जेवायला बोलावलंय, आणि मला जायचंय.