मुकादमाच्या पाठीवरचे उंचवटे

१२ जून

चि. ठकूस,

अनेक आशीर्वाद. उत्तराला उशीर झाला म्हणून फुगून बसू नकोस. कामाचा डोंगर वगैरे काही नाही, नुसता आळस. शिवणकाम बंद केलं तरी सकाळी इस्त्री तापवतो आणि स्वतःचेच सदरे पुन्हा पुन्हा फिरवतो. हात गप्प बसत नाहीत, त्याला काय करणार?

लग्न करून गेलीस आणि आपलं कासव आमच्या गळ्यात मारून गेलीस, ते मजेत आहे. मुकादम हे नाव तू बरोबर ठेवलंस. घरभर फिरून तपासणी करतो, काम मात्र काडीचं नाही. तुझी आई गेल्यापासून त्याने चांगलंच अंग धरलंय. पाठीच्या प्रत्येक चौकटीत एकेक उंचवटा आलाय, खांद्याला पॅड लावलेल्या कोटासारखा. जन्मभर मापं घेतली, पण असा रुबाबदार कोट माझ्या हातून काही शिवला गेला नाही.

जावईबापूंना नमस्कार सांग. लोभ ठेव, आणि तो कळेल इतपत मोठं पत्र लिही.

तुझा,
बाबा

२३ जून

ती. बाबांस,

शि. सा. न. वि. वि. तुमचं पत्र वाचून आधी हसले, मग तो कोटाचा मजकूर पुन्हा वाचला. आमच्या दातांच्या कवळ्यांच्या कारखान्याच्या खालीच जनावरांचा दवाखाना आहे. दिवसभराच्या कवळ्या घासून झाल्यावर खाली गेले आणि तिथल्या डॉक्टरीणबाईंना तो वाचून दाखवला. त्या काही हसल्या नाहीत.

बाबा, तो रुबाब नव्हे, दुखणं आहे. मुकादमाच्या जातीच्या कासवाची पाठ गुळगुळीत हवी. खाणं फार जड झालं आणि जागा कोरडी, गरम असली की पाठ अशी वेडीवाकडी वर येते. दुर्लक्ष केलं तर पुढे चालणंही जड जातं, म्हणाल्या. तो झोपतो कुठे? खातो काय? खरं सांगा, मला तुमचा स्वभाव माहीत आहे. आणि उद्याच्या उद्या त्याला डॉक्टरकडे न्या.

इथे सगळं ठीक. तब्येतीला जपा आणि माझ्या रागावण्यातली माया ओळखा.

तुमची,
ठकू

५ जुलै

चि. ठकूस,

अनेक आशीर्वाद. मुकादमाला शिलाई मशीनच्या लाकडी झाकणात घालून नेऊन आणला. डॉक्टर पोरगेलासा आहे, पण त्याने मला चांगलंच झापलं. झोपायची जागा इस्त्रीच्या टेबलाखाली, हे ऐकून कपाळाला हात लावला. मला वाटायचं, म्हाताऱ्याला ऊब बरी.

खाण्याचं म्हणशील, तर तुझ्यापासून काय लपवायचं? मी अजून दोघांचाच स्वयंपाक करतो. तुझ्या आईचं ताट वाढतो, मग टाकवत नाही, म्हणून मुकादमापुढे सरकवतो. भात, उकडलेलं अंडं, दुधात भिजवलेला पाव. तो सगळं चाटूनपुसून खातो. समोर कोणीतरी जेवतंय, एवढ्यावर माझे दोन घास जातात गं.

आता नुसतं गवत आणि पाला द्यायचा, रोज कोमट पाण्यात बसवायचा. पुढच्या महिन्यात पुन्हा तपासणी. तोवर जमलं नाही तर प्राणी सांभाळणाऱ्या संस्थेत द्या, असं डॉक्टरने स्पष्टच सांगितलं. तो गेला तर या घरात माझ्याखेरीज हलणारा फक्त पंखा उरेल. मला त्याला द्यायचा नाही, ठकू.

पाल्याचं जमतंय. एकट्यापुरता भात मात्र काही केल्या जमत नाही. कधी कच्चा राहतो, कधी चौघांना पुरेल इतका होतो, आणि उरला की हात पुन्हा त्याच्याकडेच वळतो. तुझ्या आईने हे कधी शिकवलंच नाही. प्रमाण कळव. तुम्ही दोघं, तुला तरी कुठलं ठाऊक असणार? पण कोणाला तरी विचार. जावईबापू काय म्हणतात? हल्ली तुझ्या पत्रात ते दिसतच नाहीत.

लोभ आहेच. तो मुकादमाच्या पाठीसारखा चढउताराचा नसावा, एवढंच मागणं.

तुझा,
बाबा

१४ जुलै

ती. बाबांस,

शि. सा. न. वि. वि. एकट्यापुरत्या भाताला अर्धी वाटी तांदूळ घ्या, पाणी दुप्पट. सर्वांत लहान पातेलं घ्या, मोठ्यात तळाला लागतो. सुरुवातीला फार कमी वाटेल आणि हात पुन्हा डब्यात जाईल. जाऊ देऊ नका. दुसरं ताट वरच्या फळीवर ठेवून द्या. समोर दिसलं की घेतलं जातं.

हे कोणाला विचारावं लागलं नाही, बाबा. आई गेली त्यानंतर थोड्याच दिवसांत हे वेगळे राहायला गेले. परत येणार नाहीत. तुमचं ताट अजून दोघांचं होतं, हे मला कुठे माहीत होतं? तुम्हाला कळवायला बसायचे, पण तुमच्या पत्रात आईचं नाव आलं की माझी लेखणी अडायची. मी पण कितीतरी दिवस दोघांचा भात केला आणि उरलेला टाकून दिला. माझ्याकडे मुकादमही नव्हता.

डॉक्टरीणबाई म्हणतात, आलेले उंचवटे आता बसायचे नाहीत, पण नवी वाढ नीट येऊ शकते. त्याला देऊ नका. तपासणीला मी येते आहे, मशीनचं झाकण एका बाजूने मी धरेन. आल्यावर खूप रडणार आहे, आधीच सांगून ठेवते. रागवायचं ते तेव्हा रागवा.

त्या दिवशी मात्र पूर्ण वाटी घ्या.

तुमची,
ठकू