मिक्सरच्या कोडमधलं सात

मंगळवार, संध्याकाळ. फरीदाबाद.

बाबा आज करोल बागेतून नवा मिक्सर घेऊन आले, मुद्दाम माझ्याच कंपनीचा. पण खरी खुशी वेगळीच होती. "खोक्यावरचा कोड मोबाइलने स्कॅन केला, तर सगळी माहिती आली. सुटे भाग सात वर्षं मिळणार! दुकानदार म्हणत होता, 'अंकलजी, दो साल, बस.' मी सगळ्यांसमोर दाखवलं त्याला. म्हटलं, झूठ कशाला बोलता?"

ते सात मीच लिहिलंय.

गेल्या महिन्यात कोडमागची माहिती भरायचं काम माझ्याकडे होतं. लोकांनी टिकाऊ वस्तू पारखून घ्यावी, कचरा कमी व्हावा, म्हणून हा सगळा खटाटोप. सर्व्हिसवाल्यांना विचारलं, तर म्हणाले, "दो साल. फिर मॉडल ही बदल जाता है." सर म्हणाले, "सात डाल दो यार, कौन देखता है?" मी टाकलं. नंतर विसरूनही गेले.

कोण बघतं? बाबा बघतात. चष्मा कपाळावर चढवून, मोबाइल नाकाशी धरून.

सांगावं का त्यांना? आईने लगेच चटणी वाटली, बारीक झाली. मी दोनदा घेतली. उद्या ऑफिसात सातचे दोन करणार, सर काय म्हणतील ते म्हणोत. पण तो दुकानदार? सगळ्यांत खरं बोलला तो, आणि खोटा ठरला तोच.

रिकामं खोकं बाबांनी पुसून माळ्यावर ठेवलंय. सात वर्षं जपायचंय म्हणे.