तीन पाण्यांतून धुवायच्या कळ्या

रविवार, १४ तारीख

माझ्या चिमणे,

आजीचे पोटभर आशीर्वाद. मी बरी आहे, गुडघाही बरा आहे, शेजारीण आहे तशीच आहे. अक्षर वेडंवाकडं आलं तर चालवून घे, तिसरीतनं शाळा सुटलेला हात हा!

तुझी केपरची बरणी काल पोचली. वाटाण्याएवढ्या हिरव्या कळ्या, फुलायच्या आधीच खुडून मिठात मुरवलेल्या. म्हटलं, नात एवढ्या मोठ्या हॉटेलात स्वयंपाक करते, तिने धाडलंय तर आज होऊनच जाऊ दे. उकडलेल्या बटाट्यांवर लोणी आणि वर मूठभर कळ्या, बरणीतून थेट. तुझं पत्र वाचायला घेतलं होतं गं, पण मला ओळीओळीला दम लागतो. खुशालीपर्यंत पोचले आणि मिटून ठेवलं.

तुझे बाबा घड्याळाच्या दुकानातून जेवायला आले, भिंग कपाळावर तसंच. पहिला घास घेतला आणि तोंड असं केलं, जसं घड्याळच गिळलंय.

"आई, तीन पाण्यांतून धुवायच्या असतात त्या! स्पष्ट लिहिलंय तिने!"

"कुठे लिहिलंय रे?"

झालं. कान लालेलाल.

बँकेतली नोकरी सोडून तू कांदे चिरायला गेलीस, त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून त्याने या घरात तुझा विषय काढू दिला नाही. तुला मी नुसतं "कामात असतो" एवढंच लिहीत आले. तुझी पत्रं शिवणमशिनच्या खणात लपवते. आणि हा बाबा दर रविवारी, आज सकाळीसुद्धा, त्या मशिनला तेल घालतो! मी शेजारणीला सांगत सुटते, बघा, आईची किती काळजी. अगं, वर्षभरात मी एक उशीचा अभ्रा शिवला असेल!

मग उठला, चिमट्याने एकेक कळी वेचली आणि धुवायला बसला. पुन्हा जेवलो दोघं. काय चटकदार लागल्या!

आत्ता समोरच बसलाय. म्हणतो, "बरणी पोचली म्हणून लिही." म्हटलं, "तूच लिही, हात मोडलाय का?" खाली जागा सोडली आहे. मघापासून पेनाचं टोपण काढतोय नि लावतोय. मी आपली चहा ठेवायला उठते.

तुझी,
खारट हाताची आजी

बरणी पोचली. धुतल्यावर चांगल्या लागतात.
अक्षर जरा मोठं काढत जा. भिंग लावून वाचावं लागतं.
बाबा